डळमळलेली विमानसेवा पुन्हा उभी करताना: आधी काय, नंतर काय

विमान कंपनीचे नाव खराब झाले की बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. नवे बोधचिन्ह येते, मोठी जाहिरात लागते, चार नव्या शहरांची घोषणा होते आणि तिमाही संपायच्या आत पुन्हा तीच रद्द उड्डाणे सुरू होतात. मराठवाड्यातले प्रवासी या प्रकाराला सरावले आहेत. म्हणून इथे कुठलीही कंपनी नवी सेवा जाहीर करते तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, "किती दिवस चालेल?" असा असतो.

हा लेख कंपनीत मार्गनियोजन, स्टेशन (विमानतळावरचे कंपनीचे कार्यालय) किंवा विक्री सांभाळणाऱ्यांसाठी आहे. सेवा सुरू करा म्हणून कंपन्यांशी बोलणी करणाऱ्या उद्योजक आणि व्यापारी संघटनांनाही तो उपयोगी पडेल, कारण टेबलापलीकडच्या माणसाला नेमके काय विचारायचे ते त्यातून कळते. टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. चौथ्याच्या आधी सातवा केला की पैसे जातात आणि उरलेले नावही जाते.

## टप्पा १: नुकसान नेमके कुठे झाले ते मोजा

"लोक नाराज आहेत" हे निदान नव्हे. मागच्या बारा महिन्यांचे हे आकडे प्रत्येक मार्गासाठी वेगवेगळे काढा:

१. ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत निघालेली उड्डाणे. वक्तशीरपणा मोजायची प्रचलित पट्टी हीच आहे.
२. रद्द उड्डाणे, आणि प्रत्येकाची सूचना प्रवाशाला किती तास आधी गेली.
३. थकलेले परतावे, वयानुसार: ७ दिवसांपर्यंत, ८ ते ३०, ३१ ते ९०, आणि त्याहून जुने.
४. ट्रॅव्हल एजंटांच्या वॉलेटमध्ये किंवा अनामतीत अडकलेली रक्कम.
५. दिवसाचे पहिले उड्डाण किती वेळा उशिरा सुटले.

पाचवा आकडा सहसा कोणी काढत नाही, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. छोट्या मार्गांवर एक एटीआर (पंख्यांचे छोटे प्रवासी विमान) दिवसाला आठ-आठ फेऱ्या करते. सकाळी पहिल्याच फेरीला अर्धा तास गेला तर तो संध्याकाळपर्यंत भरून निघत नाही, उलट वाढत जातो.

उशिराची नोंद जागतिक संकेतांकांनी होते. त्यातला ९३ म्हणजे "विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आले". अहवालात हा संकेतांक सगळ्यात जास्त दिसेल आणि त्याने काहीच कळणार नाही. आधीची फेरी का उशिरा झाली, त्याच्या आधीची का, असे मागे जात मूळ कारणापर्यंत पोहोचा. तिथे ४१ (विमानातला बिघाड) निघतो, की वैमानिक उपलब्ध नसणे, की ८१ (हवाई वाहतूक नियंत्रणाची मर्यादा), यावर पुढचे सगळे काम ठरते.

इशारा: "हवामान" या रकान्यात काय काय ढकलले आहे ते हाताने तपासा. त्या दिवशी त्याच विमानतळावरून इतर कंपन्यांची विमाने वेळेवर उडाली असतील, तर कारण हवामान नव्हते.

## टप्पा २: उधारी मिटवा, आणि क्रमाने मिटवा

पैसा कमी आणि देणी जास्त असतात तेव्हा जो जास्त ओरडतो त्याला आधी दिले जाते. तसे करू नका.

पहिल्यांदा विमाने भाड्याने देणाऱ्यांशी हप्ते लेखी ठरवा. केप टाउन कराराला (विमानांवरच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) धरून २०२५ मध्ये देशात कायदा झाल्यापासून, थकबाकीदाराकडून विमान परत नेण्याची त्यांची वाट बरीच मोकळी झाली आहे. विमानच गेले तर पुढचे सगळे टप्पे कागदावर राहतील. त्याच आठवड्यात अभियंते, वैमानिक, केबिन आणि ग्राउंड कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार द्या. पगार न मिळालेल्या माणसाकडून रात्री दोन वाजता नीट तपासणीची अपेक्षा करणे हा सुरक्षेशी खेळ आहे.

मग प्रवाशांचे परतावे, सगळ्यात जुना आधी. नियम साधे आहेत. कार्डाने घेतलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत जायला हवा. तिकीट "नॉन-रिफंडेबल" असले तरी विमानतळ वापर शुल्क आणि कर परत करावेच लागतात. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचे व्हाउचर घ्यायचे की नाही हे प्रवासी ठरवतो. कंपनीने परस्पर व्हाउचर पाठवले की तो माणूस गेला असे समजा. बंद पडण्याच्या वाटेवरच्या कंपनीचे व्हाउचर कोणाला हवे असते?

इथे मराठवाड्यातली एक अडचण ध्यानात ठेवा. नांदेड, लातूर, परभणी, बीड भागात बरीच तिकिटे अजून एजंटाकडून, रोख किंवा यूपीआयने काढली जातात. परतावा एजंटाच्या वॉलेटमध्ये जमा होतो आणि प्रवाशाला पत्ता नसतो. एजंट म्हणतो कंपनीने दिले नाहीत, कंपनी म्हणते आम्ही दिले. यावर उपाय आहे: वॉलेटमध्ये रक्कम टाकतानाच प्रवाशाला रक्कम, तारीख आणि एजंटाचे नाव असलेला मराठी एसएमएस पाठवा. खर्च जवळपास शून्य, आणि तक्रारींचा मोठा गठ्ठा आपोआप हलका होतो.

त्यानंतर एजंटांच्या अनामती. त्यांना कमी लेखू नका. वाळूजच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी किंवा हजूर साहिबच्या यात्रेकरूंचा गट कोणत्या विमानाने जाईल, हे अनेकदा एजंटच ठरवतो. ज्याचे पैसे एकदा बुडाले तो तुमचे उड्डाण पडद्यावर दिसत असूनही सांगत नाही. विमानतळ आणि इंधन कंपन्यांची देणी हप्त्यांत चालतात, मात्र "रोख द्या आणि इंधन घ्या" या यादीत नाव असेल तर ते आधी काढा. इंधनाचे पैसे पोहोचले नाहीत म्हणून उभे राहिलेले विमान प्रवाशांना खिडकीतून दिसते, आणि ती बातमी तासाभरात जिल्हाभर होते.

तपासणी: ३० दिवसांहून जुना एकही परतावा शिल्लक नाही, हे वित्त विभागाने नव्हे तर तक्रार विभागाने लिहून द्यावे. दोघांचे आकडे जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: विमाने आणि माणसे

### विमाने

उडण्याजोगे विमान आणि भरवशाचे विमान यांत फरक आहे. काही उपकरणे बंद असतानाही नियमाने उड्डाण करता येते. त्याची यादी ठरलेली असते आणि दुरुस्तीची मुदतही: ब वर्गाला तीन दिवस, क वर्गाला दहा, ड वर्गाला १२०. ज्या कंपनीकडे सुटे भाग नाहीत ती प्रत्येक मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ओढते, आणि मग एके सकाळी दोन विमानांच्या मुदती एकदम संपतात. प्रत्येक विमानावर किती बिघाड असे "पुढे ढकललेले" आहेत याचा फलक रोज सकाळी बघा. संख्या आठवड्यागणिक घटत नसेल तर सुटे भाग कमी पडताहेत, असा सरळ अर्थ घ्या.

एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावणे अडचणीच्या रात्री ठीक. ती सवय झाली की ताफ्यातले एक विमान कायमचे कोपऱ्यात उभे राहते, आणि त्याचे भाडे मात्र दरमहा चालूच असते. तळावर निदान चाके, ब्रेक, बॅटरी, स्टार्टर-जनरेटर आणि नेहमी जाणारी सेन्सर-व्हॉल्व्हची मंडळी साठ्यात हवीत. कोणते भाग ठेवायचे हे उत्पादकाची यादी बघून ठरवू नका, टप्पा १ मधल्या ४१ च्या नोंदींवरून ठरवा.

एकाच प्रकारच्या इंजिनावर सगळा ताफा असेल तर पुरवठादाराकडून पर्यायी इंजिन किती दिवसांत मिळेल, हे करारात दिवसांच्या आकड्यात लिहून घ्या. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली तेव्हा इंजिनांअभावी उभी राहिलेली विमाने हेच कारण कंपनीने पुढे केले होते.

केबिनचे काम याच टप्प्यात होते, नंतर नाही. तुटलेला आर्मरेस्ट, मागे न जाणारे आसन, पिवळी पडलेली खिडकी यांनी विमान थांबत नाही, म्हणून ती कामे मागे पडतात. प्रवाशाला मात्र इंजिन दिसत नाही, आर्मरेस्ट दिसतो, आणि त्यावरून तो इंजिनाचा अंदाज बांधतो. एअर इंडियाचे नवे बोधचिन्ह ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि जुन्या ए-३२० निओ विमानांच्या आतल्या नूतनीकरणाला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरुवात झाली. मधले वर्षभर लोकांनी नव्या बोधचिन्हाखाली जुन्याच आसनांचे फोटो टाकले. उलटा क्रम केला असता तर हे टळले असते.

### माणसे

एटीआरसारख्या विमानाला पूर्ण दिवस चालवायचे तर दर विमानामागे साधारण पाच ते सहा वैमानिक जोड्या लागतात. सुट्ट्या, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासण्या आणि सिम्युलेटरच्या तारखा धरूनच हा हिशेब करा. कॅप्टनची नोटीस १२ महिन्यांची आणि सहवैमानिकाची सहा महिन्यांची असते. याचा अर्थ तुम्ही आज नेमलेला अनुभवी कॅप्टन पुढच्या वर्षी मिळतो, या हंगामाला नाही.

वैमानिकांच्या नव्या ड्युटी नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोसारख्या सगळ्यात मोठ्या आणि वक्तशीर समजल्या जाणाऱ्या कंपनीची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, ती हे नियम पूर्ण लागू झाल्यावर रोस्टर (ड्युटीचा तक्ता) पुरेना म्हणून. ताफा मोठा असूनही ते टळले नाही. तीन विमानांच्या कंपनीने तर रोस्टर मार्ग जाहीर करण्याच्या आधी तयार ठेवायला हवे.

तपासणी: उद्या दोन वैमानिक आजारी पडले तर कोणते उड्डाण कोण चालवेल, याचे उत्तर रोस्टर विभागाने पाच मिनिटांत द्यावे. "बघतो" हे उत्तर आले तर टप्पा संपलेला नाही.

## टप्पा ४: वेळापत्रक आधी कमी करा, मग खरे करा

याला सगळ्यात जास्त विरोध होतो, कारण उड्डाणे कमी केली की उत्पन्न कमी दिसते. पण जे उडतच नाही त्याचे उत्पन्न कागदावरच असते. जुलै २०२२ मध्ये डीजीसीएने (विमान वाहतुकीचा सरकारी नियामक) स्पाइसजेटची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली आणि पुढे ती मुदत वाढवली. नियामकाने कात्री लावण्याआधी स्वतः लावलेली बरी. तिची तारीख आणि जागा तरी आपण निवडतो.

१. उपलब्ध विमानांतून एक वजा करा. चार उडण्याजोगी असतील तर वेळापत्रक तिनाचे करा. चौथे सुटे राहील, तेही रोज सकाळी इंधन भरून तयार.

२. फेऱ्यांच्या मधले थांबे बघा. एटीआरचा थांबा कागदावर २५ मिनिटांचा करता येतो. सगळेच थांबे तसे ठेवले तर सकाळचा उशीर रात्रीपर्यंत पाझरतो. दर तीन-चार फेऱ्यांनंतर एक थांबा ४५ ते ५० मिनिटांचा ठेवा. दिवसभरात दोन असे मोकळे थांबे मिळाले तर अर्ध्या तासाचा उशीर दुपारी आणि संध्याकाळी मिळून विरतो.

३. दिल्लीचे धुके अंगावर घेऊ नका. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दिल्लीहून सकाळी निघणारे विमान संभाजीनगरला वेळेवर येईल या भरवशावर पुढच्या तीन फेऱ्या बांधल्या जातात, आणि धुक्याच्या दिवशी नांदेडचा प्रवासी दिल्लीच्या हवामानाचा दंड भरतो. हिवाळी वेळापत्रकात दिल्लीची फेरी दुपारी न्या, किंवा ते विमान इतर मार्गांपासून तोडून ठेवा.

४. उन्हाळ्याची दुपार टाळा. चिकलठाण्याची (संभाजीनगर विमानतळाची) धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, आणि वजन कमी करावे लागते. मग सामान मागे राहते किंवा प्रवासी उतरवले जातात. नांदेड-लातूरच्या तुलनेने आखूड धावपट्ट्यांवर जेट विमान वापरायचे असेल तर हे गणित तारखेनुसार आणि तासानुसार करून ठेवा. जागा तेवढ्याच विका.

५. विमान रात्री मुक्कामाला कुठे असते ते तपासा. संभाजीनगरच्या उद्योजकाला सकाळी मुंबई किंवा दिल्लीला जाऊन संध्याकाळी परतायचे असते. त्यासाठी विमान रात्री चिकलठाण्यात उभे हवे. कंपन्या मात्र आपल्या तळावरून सकाळची चांगली वेळ दुसऱ्या शहराला देतात, दुपारी अडीचला विमान इकडे पाठवतात, ते निम्मे रिकामे जाते आणि मग अहवालात लिहिले जाते: "मागणी नाही". मागणी सकाळी सातची होती. रात्रीचा मुक्काम म्हणजे एक अभियंता, वैमानिकांची हॉटेल-खोली आणि पार्किंग. हा खर्च नव्या मार्गाच्या जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतो.

इशारा: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि गजबजलेल्या विमानतळांवरचे स्लॉट (उतरण्या-उडण्याच्या राखीव वेळा) त्याच्या कित्येक महिने आधी मागावे लागतात. मिळालेला स्लॉट ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या हंगामातला हक्क जातो. मुंबईचा स्लॉट "असू द्यावा" म्हणून घेऊन उड्डाणे रद्द करत राहिलात तर स्लॉटही जातो आणि नावही.

## टप्पा ५: वाईट दिवसाची तयारी

उड्डाण कधीतरी रद्द होणारच. लोक त्या दिवशी कंपनी कशी वागली ते लक्षात ठेवतात. त्यामुळे स्टेशनवर पुढची व्यवस्था लेखी आणि सराव केलेली हवी.

संपर्क क्रमांक. बुकिंगमध्ये प्रवाशाच्या जागी एजंटाचाच मोबाइल नंबर असतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश एजंटाला रात्री साडेअकराला जातो, तो झोपलेला असतो, आणि प्रवासी पहाटे जालन्याहून गाडी करून चिकलठाण्याला पोहोचतो. दोन रकाने सक्तीचे करा, एक प्रवाशाचा आणि एक एजंटाचा, आणि दोन्ही नंबर एकच असतील तर बुकिंग पुढे सरकू देऊ नका.

हक्कांचा तक्ता काउंटरवर. कर्मचाऱ्याला नियम पाठ नसतात आणि चिडलेल्या माणसासमोर तो शोधू शकत नाही. एका पानावर मराठीत लावा:

- दोन आठवडे आधी कळवले तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा.
- त्याहून उशिरा पण २४ तासांपूर्वी कळवले तर ठरलेल्या वेळेच्या दोन तासांच्या आत निघणारे दुसरे उड्डाण, नाहीतर परतावा.
- तेवढेही कळवले नाही तर वरून भरपाई: प्रवासवेळ एक तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतले जे कमी ते.
- अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणे-पाणी. २४ तासांपेक्षा जास्त, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन दरम्यानच्या उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला की हॉटेल.

इथली "प्रवासवेळ" म्हणजे वेळापत्रकात छापलेली वेळ. ती ६० मिनिटे आहे की ६५, यावर ५,००० की ७,५०० हे ठरते, म्हणून वेळापत्रकाचा कागद तक्त्यासोबतच असू द्या. नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा डीजीसीएची ताजी प्रत दर तिमाहीला बघून तक्ता बदला. कंपनीच्या ताब्याबाहेरच्या कारणांना भरपाई लागू नसते, पण परतावा आणि दुसरे उड्डाण यांना ती पळवाट लागू नाही. काउंटरवर नेमकी हीच गल्लत होते.

रस्त्याचा पर्याय. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईचे उड्डाण रद्द झाल्यावर प्रवासी पहिल्यांदा गाडीच शोधतो. दोन टॅक्सी-बस मालकांशी आधीच दर ठरवा. चार जणांना एक गाडी, पैसे कंपनीचे, रद्द झाल्यापासून ४५ मिनिटांत दारात. नांदेडहून हैदराबादसाठीही तसेच. हे नियमात नाही, तरी करा.

अधिकार. स्टेशन मॅनेजरला मुख्यालयाला न विचारता खर्च करायची ठराविक मर्यादा लेखी द्या. "वरून परवानगी आली नाही" हे वाक्य प्रवाशाच्या कानावर पडले की सगळा तक्ता वाया जातो.

सराव. महिन्यातून एकदा, गिऱ्हाईक नसताना, ७० प्रवाशांचे उड्डाण रद्द झाले असे धरून चालवून बघा. पहिल्या सरावात नेहमी एकच गोष्ट सापडते: पाण्याच्या बाटल्या कोणी मागवायच्या हे कोणालाच माहीत नसते.

तक्रार अधिकारी आणि त्याच्या वरचा अपील अधिकारी, दोघांची नावे व नंबर संकेतस्थळावर असावेच लागतात. ते नंबर आठवड्यातून एकदा स्वतः लावून बघा. एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवरची तक्रार "निकाली" अशी बंद करण्यापूर्वी प्रवाशाला पैसे पोहोचल्याचा पुरावा जोडा.

## टप्पा ६: आता बोला, पण थोडे

सलग तीन महिने वक्तशीरपणा ८५ टक्क्यांच्या वर आणि कंपनीच्या चुकीने झालेली रद्द उड्डाणे एक टक्क्याच्या खाली राहिली की जाहिरातीचा विचार करा. हे उंबरठे आमच्या अनुभवातले आहेत, सरकारी नाहीत; हवे तर कडक करा. जाहिरातीत विशेषणे नकोत. "मागच्या महिन्यात ६० पैकी इतकी उड्डाणे वेळेवर" एवढेच मार्गनिहाय लिहा आणि आकडा वाईट आला तरी पुढच्या महिन्यात छापा.

एजंट आणि उद्योजक संघटनांची बैठक घेतलीत तर वेळापत्रकाचा कागद घेऊन जा, बुके-शाल नको. आणि नव्या मार्गाची तारीख तिथे देऊ नका.

## टप्पा ७: नवा मार्ग निवडणे

### गणित आधी

समजा ७८ आसनांची एटीआर आहे आणि एका दिशेच्या फेरीचा सगळा खर्च (इंधन, भाडे, देखभाल, वैमानिक, विमानतळ, कार्यालय) २,३४,००० रुपये येतो. कर आणि कमिशन वजा जाता एका तिकिटामागे सरासरी ३,९०० हातात पडले तर खर्च निघायला ६० प्रवासी लागतात, म्हणजे ७७ टक्के. सरासरी ३,२५० वर आली तर ७२ लागतात, म्हणजे ९२ टक्के, आणि वर्षभर ९२ टक्के कोणी भरत नाही. जाहिरातीतल्या "फक्त १,९९९ पासून" या भाड्याचा इथे उपयोग नाही, वर्षाची सरासरी धरा. दुसऱ्या दिशेचे विमान वेगळे मोजा. सोमवारी सकाळी भरून गेलेले विमान येताना रिकामे असू शकते.

### कोण बसणार ते नावानिशी लिहा

- संभाजीनगर: शेंद्रा, बिडकीन, वाळूजचा औद्योगिक प्रवासी, सोमवार ते शुक्रवार, सकाळ-संध्याकाळ. दुसरा अजिंठा-वेरूळचा पर्यटक, मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून दिल्लीहून येणाऱ्या पर्यटकाला बुधवार ते शनिवारची विमाने सोयीची. दोन्ही गटांना एकच वेळ चालेल असे गृहीत धरू नका.
- नांदेड: हजूर साहिबचे यात्रेकरू. ते पंजाब आणि दिल्लीकडून गटाने येतात, तिकिटे आधी काढतात, सामान जास्त असते. त्यांना रोजचे उड्डाण लागत नाही, ठरलेले वार लागतात. हैदराबादला उपचारासाठी जाणाऱ्यांना मात्र त्याच दिवशी परतता आले पाहिजे.
- लातूर: शिकवण्यांमुळे पालक-विद्यार्थ्यांची ये-जा मोठी, पण ती हंगामी आणि भाड्याला हळवी. इथे मार्ग सुरू करण्यापूर्वी दोनदा मोजा.

रेल्वे आणि रस्ता यांना प्रतिस्पर्धी धरा. जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली. घरापासून विमानतळ, तिथली तासभर आधीची हजेरी, मुंबईत उतरून पुढचा प्रवास असे दारापासून दारापर्यंतचे तास मांडा. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथे स्लॉट सोपा मिळेल, पण तुमच्या प्रवाशाचे काम अंधेरीत असेल तर वाचलेला वेळ रस्त्यावर जाईल. कोणत्या कंपनीच्या लोकांना कुठे जायचे आहे हे विचारून मगच ठरवा.

### उडान घ्यायचे असेल तर

उडान ही छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीची केंद्राची योजना. देशातल्या पहिल्या उडान उड्डाणांत नांदेड-हैदराबाद होते, २७ एप्रिल २०१७ ला. योजनेत निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा असते, बदल्यात तुटीची रक्कम मिळते आणि साधारण तीन वर्षे मार्गावर एकट्याचा हक्क. त्या रकमेतला २० टक्के वाटा राज्याचा असतो आणि तो उशिरा येऊ शकतो, तेव्हा रोख रकमेचे नियोजन निदान सहा महिन्यांच्या विलंबाचे करा.

घोळ होतो तो चौथ्या वर्षी. अनुदान संपते, भाडे वाढवावे लागते, प्रवासी पळतात आणि मार्ग बंद पडतो. म्हणून वरचे गणित अनुदान शून्य धरून एकदा करा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून मर्यादेबाहेरच्या निम्म्या आसनांचे भाडे टप्प्याटप्प्याने खऱ्या खर्चाजवळ आणा. तेवढ्याने विमान भरत नसेल तर तो मार्ग तुमचा नाही.

तपासणी, विमानतळाची: परवान्याची मुदत, धावपट्टीच्या दुरुस्तीच्या नियोजित तारखा, रात्री उतरायची सोय, कामकाजाचे तास, इंधनाची व्यवस्था आणि अग्निशमन वर्ग. एटीआर ७२ ला पाचवा वर्ग लागतो, ए-३२० ला सहावा. दुपारी तीनला टॉवर बंद होत असेल तर उशिरा आलेले विमान परत फिरवावे लागेल. हे सगळे विमानतळ चालवणाऱ्याकडून पत्राने घ्या, फोनवर नको.

## टप्पा ८: विस्ताराचा वेग आणि मार्ग सोडण्याची पद्धत

एका हंगामात एक नवा मार्ग, किंवा जुन्या मार्गावर दुसरी फेरी. शक्यतो दुसरी फेरी आधी. रोज एकच विमान असलेल्या मार्गावर ते चुकले किंवा रद्द झाले की प्रवाशाला दुसरा उपाय उरत नाही, दोन फेऱ्या असल्या की उरतो. एक फेरी घेऊन पाच शहरांत जाण्यापेक्षा दोन फेऱ्या घेऊन दोन शहरांत राहणे परवडते, जरी नकाशा लहान दिसला.

नवे विमान ताफ्यात आले की पहिला महिना ते सुटे ठेवा. येणाऱ्या विमानाची तारीख हमखास पुढे जाते, म्हणून त्या विमानावर अवलंबून असलेली तिकिटे विमान तळावर उभे राहीपर्यंत विकू नका. सगळ्यात महागडी चूक हीच: विक्री विभाग सहा महिने पुढची तिकिटे काढतो, विमान येत नाही, आणि टप्पा २ मधली उधारी पुन्हा सुरू होते.

मार्ग सोडायची अट सुरू करतानाच लिहून ठेवा: किती महिने, किती टक्के आसने भरली, किती तोटा. अट लागू झाली की असे सोडा:

१. शेवटची तारीख ठरवा आणि तिच्या पुढची विक्री त्याच दिवशी थांबवा.
२. किमान सहा आठवडे आधी जाहीर करा, कारण स्वतः सांगा. दोन आठवड्यांची नियमातली सूचना लग्नाची तिकिटे काढलेल्यांना पुरत नाही.
३. पुढच्या सर्व बुकिंगचे परतावे अर्जाची वाट न बघता आपणहून पाठवा.
४. एजंटांची अनामत शेवटच्या उड्डाणाआधी परत करा.
५. स्थानिक कर्मचाऱ्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. दुसऱ्या स्टेशनवर जागा किंवा हिशेब, जे असेल ते घोषणेच्या आदल्या दिवशी हातात द्या.
६. तक्रारींचा नंबर सेवा बंद झाल्यावरही ९० दिवस चालू ठेवा आणि तो उचलायला मराठी बोलणारा माणूस ठेवा.